विषय: तक्रार न सोडवताच बंद केल्याबद्दल

कस्टमर केअर टीम,
नमस्कार.

वॉशिंग मशीनची तक्रार टाकली, तुमचा टेक्निशियन आला, पार्ट बदलला, पैसे घेतले आणि दुसऱ्याच दिवशी मशीन परत बंद. पुन्हा तक्रार केली तर कोणी फिरकलंच नाही, उलट ‘आपल्या तक्रारीचं निराकरण झालं आहे’ असा मेसेज आला. आता पहिल्या वेळची जॉब शीट नीट बघितली तर ‘ग्राहक समाधानी’ या चौकटीतली टिक हाताने केलेलीच नाही, छापूनच आलीय!

त्याच शीटवर वर ठळक अक्षरात ‘आयएसओ ९००१:२०१५ सर्टिफाइड’ (म्हणजे कामाचा दर्जा सांभाळण्याच्या आंतरराष्ट्रीय मानकाप्रमाणे चालणारी कंपनी) असं लिहिलंय आणि ते बघूनच मी तुमची सर्व्हिस घेतली होती म्हणून जास्त राग येतोय.

९००१ म्हणजे काम कधी बिघडणारच नाही असं नसतं, हे मलाही मान्य आहे. पण बिघडलं तर काय करायचं ते त्यात स्पष्ट आहे. कलम १०.२ मध्ये ग्राहकाच्या तक्रारीसुद्धा धरल्यात, म्हणजे चूक दुरुस्त करायची, ती का झाली ते शोधायचं, परत होऊ नये म्हणून काय लागेल ते करायचं आणि या सगळ्याची नोंद ठेवायची. ९.१.२ म्हणतं की ग्राहकाला सर्व्हिस कशी वाटली यावर लक्ष ठेवा, मग टिक आधीच छापलेली असेल तर तुम्हाला कळणार काय आणि दरवर्षी ऑडिटला येणाऱ्या माणसाला तुम्ही दाखवणार काय? हा मला साधा निष्काळजीपणा वाटत नाही, ही फसवणूक आहे.

आणि आयएसओ स्वतः कुणालाच सर्टिफिकेट देत नाही, त्यामुळे तुम्हाला ते कुठल्या सर्टिफिकेशन बॉडीने दिलं, त्या बॉडीला कुठल्या अ‍ॅक्रेडिटेशन बॉडीची मान्यता आहे, सर्टिफिकेटचा नंबर काय, मुदत कधीपर्यंत आणि त्याच्या स्कोपमध्ये घरी येऊन दुरुस्ती करणं येतं की फक्त तुमचं हेड ऑफिस, हे लेखी कळवा. माझ्या तक्रारीवर काय कारवाई झाली त्याची नोंदही पाठवा. उत्तर आलं नाही तर ही जॉब शीट आणि तो मेसेज थेट त्या सर्टिफिकेशन बॉडीकडे पाठवणार आहे, सर्टिफाइड कंपन्यांबद्दलच्या तक्रारी त्यांना बघाव्याच लागतात.

मशीन अजून बंदच आहे, तेव्हा आधी तक्रार परत ओपन करून टेक्निशियन पाठवा.

तुमची एक ग्राहक