ग्रंथालयाच्या संगणकाचीही दाखल नोंदवही हवी

माननीय संपादक,
सप्रेम नमस्कार.

नोकरीनिमित्त नव्या शहरात येऊन एका ग्रंथालयाच्या संगणक विभागाची जबाबदारी मी अलीकडेच स्वीकारली. ग्रंथालयातील तंत्रज्ञानाविषयी वृत्तपत्रांत जे छापून येते, ते बहुधा उद्घाटनाच्या वेळचे असते. नवी प्रणाली बसली, पुस्तकांना आरएफआयडी टॅग (रेडिओलहरींनी वाचता येणाऱ्या इलेक्ट्रॉनिक पट्ट्या) लागले, घरबसल्या पुस्तक शोधण्याची सोय झाली, अशा त्या बातम्या असतात. ही सारी व्यवस्था सांभाळणारा माणूस नोकरी सोडून जातो आणि त्याच्या जागी परगावाहून दुसरा येतो, तेव्हा ग्रंथालयाचे आणि वाचकांचे काय होते, याविषयी मात्र सहसा कोणी लिहीत नाही. तो अनुभव मी सध्या घेत आहे आणि त्यातून माझे एक ठाम मत झाले आहे. संगणकप्रणालीबाबत घेतलेला प्रत्येक निर्णय ग्रंथालयाने कारणासह लिहून ठेवला पाहिजे, आणि जाणारा व येणारा कर्मचारी यांना काही आठवडे तरी एकत्र काम करू दिले पाहिजे.

ग्रंथालयाची संगणकप्रणाली ही बाजारातून आणून चालू करायची वस्तू आहे, असा समज सर्वत्र आढळतो. न्यूझीलंडमधील होरोव्हेनुआ लायब्ररी ट्रस्ट या संस्थेची जुनी प्रणाली २००० सालच्या तारखा हाताळू शकणार नव्हती, म्हणून तिने १९९९ साली नवी प्रणाली तयार करवून घेतली आणि पुढे ती सर्वांसाठी खुली केली. ‘कोहा’ या नावाने ती आज जगभरातील ग्रंथालयांत वापरली जाते. पण दोन ग्रंथालयांतली कोहा कधीच सारखी नसते. सभासदाला एका वेळी किती पुस्तके द्यायची, किती दिवसांसाठी द्यायची, संदर्भग्रंथ बाहेर जाऊ द्यायचे की नाही, दंड कोणत्या दिवसापासून आकारायचा, पुस्तक परत आल्यावर ते कोणी नेले होते ही नोंद ठेवायची की पुसून टाकायची, हे सगळे प्रत्येक ग्रंथालयाने स्वतः ठरवून प्रणालीत भरलेले असते. सुट्ट्यांचे साधे उदाहरण घ्या. ग्रंथालय बंद असलेले दिवस प्रणालीच्या दिनदर्शिकेत कोणी भरले नाहीत, तर दरवाजा बंद असतानाही पुस्तक परत करण्याची तारीख उलटते आणि सभासदाच्या नावावर दंड चढतो. देवघेवीच्या टेबलावर मग रोज वाद होतात, आणि त्याचे मूळ वर्षाच्या आरंभी कोणाच्या तरी हातून राहून गेलेल्या एका नोंदीत असते. ती नोंद करणे हे नेमके कोणाचे काम, हे कोठेच लिहिलेले नसेल, तर नव्या माणसाला ते कळणार कसे?

सेटिंग पाहिली की काय ठरले ते दिसते, पण का ठरले ते दिसत नाही. नव्या माणसाची खरी अडचण या ‘का’पाशी सुरू होते.

आमच्याकडील एक प्रसंग सविस्तर सांगते. सभासदत्वाच्या संगणकीय अर्जात शहरातील कायमच्या पत्त्याचा रकाना सक्तीचा होता आणि त्यासोबत स्वतःच्या नावावरचा पत्त्याचा पुरावा मागितला जात असे. शहरात नुकत्याच आलेल्या माणसाकडे नेमकी हीच गोष्ट नसते. वसतिगृहात राहणारी विद्यार्थिनी, दुसऱ्याच्या खोलीत भागीदारीने राहणारा नोकरदार, मुलाकडे राहायला आलेले वृद्ध आईवडील, यांपैकी कोणाच्याही नावावर घरपट्टी किंवा विजेचे बिल नसते. त्यामुळे ज्यांना ग्रंथालयाची गरज सर्वांत अधिक, तेच पहिल्या पानावर अडत होते. मीही तेव्हा त्यांच्यातलीच एक होते, म्हणून ते माझ्या चटकन लक्षात आले. देवघेव विभागात अनेक वर्षे काम करणाऱ्या सहकाऱ्याला मी याबद्दल विचारले, तेव्हा ते म्हणाले, “मॅडम, हा रकाना कोणी सक्तीचा केला, ते आता कोणालाच आठवत नाही. पण काढायला गेलो आणि काही बिघडलं तर, म्हणून कोणी हात लावला नाही.”

तांत्रिकदृष्ट्या ती सक्ती काढून टाकणे एका मिनिटाचे काम होते. ती का घातली, हे शोधण्यात मात्र पुष्कळ दिवस गेले. अखेर समितीच्या जुन्या इतिवृत्तात त्याचा उलगडा झाला. मुदत उलटलेल्या पुस्तकांची स्मरणपत्रे त्या काळी टपालाने जात असत आणि ‘पत्त्यावर राहत नाही’ असा शेरा घेऊन ती मोठ्या संख्येने परत येत, म्हणून समितीने कायमच्या पत्त्याचा आग्रह धरला होता. त्या परिस्थितीत तो निर्णय अगदी रास्त होता. पुढे स्मरणपत्रे भ्रमणध्वनीवर आणि ईमेलने जाऊ लागली, टपालखर्चाची बाबच अंदाजपत्रकातून गेली, तरी अट तशीच राहिली. हे सारे समितीपुढे मांडल्यावर सध्याचा पत्ता, पडताळलेला भ्रमणध्वनी क्रमांक आणि थोडी वाढीव अनामत यांवर सभासदत्व द्यावे, असे एका बैठकीत ठरले. निर्णयाच्या वेळीच त्याचे कारण प्रणालीच्या कागदपत्रांत दोन ओळींत नोंदले गेले असते, तर मधल्या काळात परत गेलेले कितीतरी वाचक ग्रंथालयाचे सभासद झाले असते.

याची खंत अधिक वाटते, कारण नोंद ठेवणे हा तर ग्रंथालयाचा धर्म आहे. ग्रंथालयात आलेले प्रत्येक पुस्तक दाखल नोंदवहीत चढते. दाखल क्रमांक, तारीख, पुस्तक कोणाकडून आले, किंमत काय, देणगी असेल तर देणगीदार कोण, हे सर्व तेथे असते. पुस्तक बाद झाले तरी त्याची ओळ खोडली जात नाही, समोर शेरा लिहिला जातो. पन्नास वर्षांपूर्वी घेतलेल्या एका पुस्तिकेचा इतिहास ज्या संस्थेत दोन मिनिटांत सापडतो, त्याच संस्थेत सर्व पुस्तकांची तालिका ज्या सर्व्हरवर आहे त्याचा इतिहास मात्र एखाद्याच माणसाच्या स्मरणात असतो, आणि तो माणूस गेला की त्याच्याबरोबर तो इतिहासही जातो. रात्री आपोआप चालणारी कामे, बिघाडाची सूचना जाणारा ईमेल पत्ता, संकेतस्थळाचे नाव कोणाच्या खात्यावर नोंदवले आहे, त्याच्या सुरक्षा प्रमाणपत्राची मुदत कधी संपते, या गोष्टी दैनंदिन कामात कोणाच्या नजरेस पडत नाहीत. सूचना जाणारा पत्ता संस्था सोडून गेलेल्या कर्मचाऱ्याचा असेल, तर बिघाड पहिल्यांदा कळतो तो वाचकाला.

देवनागरीतील नोंदींबाबत हा धोका विशेष आहे आणि तो आपल्या वाचकांच्या सहज लक्षात येईल. युनिकोड ही सर्व संगणकांवर अक्षरे सारखीच दिसू देणारी प्रमाण पद्धत रुळण्यापूर्वी अनेक ठिकाणी मराठी पुस्तकांची नावे त्या त्या फॉण्टच्या खास सांकेतिक पद्धतीने टंकित केली गेली. तो फॉण्ट संगणकावर नसला की पडद्यावर रोमन अक्षरांची निरर्थक रांग दिसते. अशा नोंदींचे रूपांतर कोणीतरी मेहनतीने केलेले असते, पण बऱ्याचदा ते अर्ध्यावर थांबलेले असते. कोणत्या नोंदी झाल्या, कोणत्या राहिल्या, कोणती जोडाक्षरे रूपांतरात बिघडली आणि हाताने दुरुस्त करावी लागली, याची टिपणी नसेल, तर येणाऱ्या माणसाला पुन्हा पहिल्यापासून सुरुवात करावी लागते. तोपर्यंत पुस्तक कपाटात असते आणि शोधणाऱ्याला ‘नोंद आढळली नाही’ असे उत्तर मिळते. भारतीय ग्रंथालयशास्त्राचे जनक रंगनाथन यांनी १९३१ साली मांडलेल्या ग्रंथालयशास्त्राच्या पाच सूत्रांपैकी चौथे सूत्र वाचकाचा वेळ वाचवण्याचे आहे, आणि तो वेळ या ठिकाणी प्रत्यक्ष वाया जाताना दिसतो.

हा प्रश्न केवळ लहान संस्थांचा आहे, असेही मानू नये. ऑक्टोबर २०२३ मध्ये लंडनच्या ब्रिटिश लायब्ररीवर खंडणीखोरांचा सायबर हल्ला झाला आणि तिची मुख्य तालिका वाचकांना पुन्हा पाहता येण्यासाठी जानेवारी २०२४ उजाडला. मार्च २०२४ मध्ये त्या संस्थेने या घटनेचा सविस्तर अहवाल स्वतःहून प्रसिद्ध केला, हे मला फार मोलाचे वाटते. डिजिटल संग्रहाच्या सुरक्षित प्रती त्यांच्याकडे होत्या, पण त्या पुन्हा उभ्या करण्यासाठी योग्य यंत्रणा नव्हती, आणि वर्षानुवर्षे साचत गेलेल्या जुन्या प्रणालींमुळे पूर्वपदावर येणे अवघड झाले, असे त्यात मोकळेपणाने नमूद केले आहे. बॅकअप आहे एवढ्यावर समाधान मानणाऱ्या प्रत्येक व्यवस्थापनाने तो भाग लक्षपूर्वक वाचावा. बॅकअपवरून प्रणाली खरोखर उभी राहते का, हे कोणी आणि शेवटचे कधी करून पाहिले, ही नोंद बॅकअपइतकीच महत्त्वाची आहे.

आता नव्या माणसाविषयी. परगावाहून आलेला कर्मचारी एकाच वेळी दोन ठिकाणी नवखा असतो. कार्यालयाबाहेर घर, वाहतूक, दवाखाना, मुलांची शाळा हे सगळे त्याला लावून घ्यायचे असते. ओळखीचे कोणी नसते. कोणतीही साधी गोष्ट विचारल्याशिवाय कळत नाही, आणि दिवसभर विचारून विचारून माणसाला संकोच वाटू लागतो. तोच संकोच घेऊन तो कामावर येतो. पूर्वीचा कर्मचारी तो येण्याआधीच निघून गेलेला असतो, कारण पद रिकामे झाल्यावरच भरती सुरू होते. मग हाती पडते ती पासवर्डची एक यादी. अनोळखी घराच्या किल्ल्यांची जुडी मिळावी आणि कोणती किल्ली कोणत्या कुलपाची हे सांगणारे कोणी नसावे, तशी ती अवस्था असते. त्यातच पहिल्या आठवड्यात काहीतरी नवे करून दाखवण्याची अपेक्षा असते. अशा वेळी प्रश्न विचारणे म्हणजे अज्ञान उघड करणे, असे त्याला वाटते, आणि तो न विचारता बदल करू लागतो. पहिले नुकसान बहुतेक वेळा असेच होते.

यावर मला जो उपाय प्रत्यक्ष उपयोगी पडला, तो अगदी साधा होता. आमच्या ग्रंथपालांनी सुरुवातीचे काही आठवडे मला रोज काही तास देवघेवीच्या टेबलावर बसवले. पुस्तक परत घेताना यंत्राचा आवाज आला तरी आरएफआयडी टॅगवरील सुरक्षेची खूण कधी कधी चालू होत नाही, म्हणून तेथील कर्मचारी पुस्तक सवयीने दोनदा ठेवतात, हे मला कोणत्याही पुस्तिकेतून कळले नसते. शोधाच्या पडद्यापुढे ज्येष्ठ वाचक लेखकाचे आडनाव आधी टाकतात की नाव, पुस्तक सापडले नाही की ते पुन्हा प्रयत्न करतात की निमूट उठून जातात, हेही तेथेच कळले. शिवाय टेबलावरील सहकारी शहरातील माझे पहिले परिचित झाले. भाड्याचे घर त्यांच्यापैकीच एकीने सुचवले. काम समजणे आणि शहरात रुळणे या दोन गोष्टी माझ्या बाबतीत एकाच टेबलावर घडल्या. ग्रंथालय-तंत्रज्ञांच्या भरतीच्या जाहिरातींत संगणकभाषांची आणि प्रणालींची मोठी यादी असते. उमेदवाराला वाचकांसमोर बसण्याची संधी मिळेल, असा उल्लेख मी तरी त्यांत क्वचितच पाहिला आहे.

जाणाऱ्या आणि येणाऱ्या दोघांचे वेतन एकाच वेळी द्यायचे कसे, हा आक्षेप मला ठाऊक आहे. महिन्याभराच्या वेतनाचा भार खरोखर पेलवत नसेल, तर राजीनाम्याच्या मुदतीतच जाणाऱ्याकडून रोज एक तास लेखी टिपणे करून घ्यावीत आणि ग्रंथपालांनी ती स्वतः वाचून, न समजलेले विचारून, मगच स्वीकारावीत. पासवर्ड अर्थातच त्या टिपणांच्या वहीत नकोत. ते संस्थेच्या ताब्यात, सुरक्षित आणि किमान दोन जबाबदार व्यक्तींना उघडता येतील असे असावेत. बाहेरच्या कंपनीकडे प्रणालीची देखभाल असेल, तर करार संपताना सर्व नोंदी मार्क या संगणकवाचनीय प्रमाण स्वरूपात परत मिळतील, हे करारातच लिहून घ्यावे. संगणकतज्ज्ञ हेन्रिएट अव्रम यांनी १९६०च्या दशकात अमेरिकेच्या लायब्ररी ऑफ काँग्रेसमध्ये हे स्वरूप विकसित केले, ते एका ठिकाणची नोंद दुसरीकडच्या संगणकालाही वाचता यावी म्हणून. त्याला अर्धशतक उलटून गेल्यावरही एखाद्या ग्रंथालयाला आपलीच तालिका परत मिळवण्यासाठी विनवण्या कराव्या लागाव्यात, हे मला मान्य नाही.

ग्रंथालयांच्या सभासदांनाही यात करण्यासारखे आहे. आपल्या ग्रंथालयाच्या व्यवस्थापनाला त्यांनी दोन प्रश्न लेखी विचारावेत. बॅकअपवरून प्रणाली पुन्हा उभी करून शेवटची कधी पाहिली, आणि संगणक सांभाळणारी व्यक्ती उद्या आली नाही तर तिचे काम कोठे लिहिलेले आहे? पहिल्या प्रश्नाचे उत्तर तारखेच्या रूपात मागावे, आणि दुसऱ्यासाठी ती वही प्रत्यक्ष दाखवण्याचा आग्रह धरावा.

आपली विश्वासू,
ग्रंथालयाच्या संगणक विभागातील एक कर्मचारी