शनिवारचा पाठ आणि रविवारचं शुभवर्तमान

प्रिय प्रकाश,

प्रभूमध्ये सलाम.

जुना करार वाचायला घेतला की निर्गमच्या विसाव्या अध्यायापर्यंत गाडी झोकात जाते आणि लेवीय या तिसऱ्या पुस्तकात रुतते, असं तू लिहिलंस. आपल्या मंडळीतल्या निम्म्या लोकांचं तेच आहे, फक्त कबूल कोणी करत नाही! मी हल्ली काय करतो ते सांगतो. पटलं तर घे.

यहुदी लोक सभास्थानात मोशेची पाचही पुस्तकं वर्षभरात वाचून काढतात. त्याचे ५४ पाठ पाडलेत, काही आठवड्यांत दोन जोडून घेतात. पाठाला म्हणतात पाराशा, आणि त्याच्या जोडीला संदेष्ट्यांच्या ग्रंथांतला उतारा असतो तो हफ्तारा. मी त्यांच्याच वेळापत्रकाने चालतो. आठवडाभर पाराशा, शनिवारी हफ्तारा, आणि रविवारी चर्चला जाण्याआधी शुभवर्तमानातला त्याच्याशी बोलणारा एखादा भाग. कधी काही जुळत नाही. मग ओढूनताणून जुळवत नाही.

तुझ्या त्या लेवीयाचंच घे. 'मेत्सोरा' नावाच्या पाठात चौदावा अध्याय येतो. महारोगी बरा झाला की याजकाने छावणीबाहेर जाऊन त्याला तपासायचं. दोन जिवंत पक्षी, गंधसरूचं लाकूड, किरमिजी सूत आणि एजोब नावाची वनस्पती आणायची. एक पक्षी मातीच्या भांड्यात वाहत्या पाण्यावर मारायचा, दुसरा त्या रक्तात बुडवून मोकळ्या रानात सोडायचा. तरी तो माणूस सात दिवस स्वतःच्या तंबूबाहेरच! सातव्या दिवशी दाढी, भुवया, सगळे केस काढायचे, आठव्या दिवशी अर्पणं.

हे वाचून मार्काचा पहिला अध्याय उघड. येशू महारोग्याला हात लावून बरा करतो आणि सांगतो, जा, याजकाला दाखव, मोशेने नेमलेलं अर्पण कर. उपदेशात चमत्कारावर सगळा भर, हे वाक्य घाईघाईत उरकतात. अरे, हात लावताच रोग गेला, पण त्या माणसाला बायकापोरांत परत बसायचं तर याजकाचा शब्द हवाच ना? येशू त्याला त्याच वाटेने घरी पाठवतोय. ख्रिस्त आला आणि नियमशास्त्र मोडीत निघालं असं सरसकट सांगणाऱ्यांनी इथे जरा थांबावं.

आणि या पाठाचा हफ्तारा काय, तर २ राजे ७. इस्राएलची राजधानी शोमरोन, तिला अरामी सैन्याचा वेढा पडलाय, शहरात उपासमार, वेशीपाशी चार महारोगी. कसंही मरायचंच, म्हणून ते अरामी छावणीत शिरतात, तर छावणी ओस! खातात, पितात, सोनंरुपं लपवून येतात. मग म्हणतात, हे बरं नाही, आज शुभवार्तेचा दिवस आणि आपण गप्प बसलोय. मार्कात मात्र कोणाला सांगू नकोस अशी सक्त ताकीद मिळालेला माणूस गावभर सांगत सुटतो. दोन्ही गोष्टी एका आठवड्यात वाचल्या की मजा कळते.

दोन बाबतींत मात्र जपून. येशूने अमक्या शब्बाथाला (शनिवारी) हाच पाठ वाचला असं छातीठोकपणे सांगणारे भेटतात. लूक ४ मध्ये नासरेथच्या सभास्थानात तो यशयाची गुंडाळी वाचतो, प्रेषितांची कृत्ये १३ मध्ये नियमशास्त्र आणि संदेष्टे वाचून झाल्यावर पौलाला बोलायला सांगतात. एवढं ठाम आहे. पण वर्षभराचा हा क्रम बाबेलच्या यहुद्यांचा, इस्राएल देशात पुढेही कितीतरी काळ सुमारे तीन वर्षांचा क्रम चालायचा, म्हणून येशूच्या वेळचा पाठ आजच्या यादीवरून सांगता येत नाही. दुसरं, आपण ख्रिस्ताच्या दुःखसहनाविषयी वाचतो तो यशया ५३ हफ्ताऱ्यात नाही म्हणून यहुद्यांनी तो लपवला, हा आरोप. संदेष्ट्यांचा फार मोठा भाग हफ्ताऱ्यांत नाहीच. लपवायचा असता तर त्यांच्या तनाखमध्ये, म्हणजे यहुदी बायबलात, तो छापलेला कसा असता?

उलट आपल्याकडचं बघ. मिशनरी जॉन विल्सनसाहेबांनी १८३२ साली बेने इस्राएल, म्हणजे कोकणातल्या मराठी बोलणाऱ्या यहुदी लोकांसाठी मराठीतून हिब्रू व्याकरण छापलं. हिब्रू शिकून ते ख्रिस्ताकडे वळतील ही मिशनऱ्यांची आशा. झालं असं, की ते आपलेच ग्रंथ वाचायला लागले आणि बहुतेक सगळे यहुदीच राहिले. मला यात वाईट काही दिसत नाही. त्यांचे पाठ त्यांच्या क्रमाने वाचताना त्यांचं घर आहे हे ध्यानात ठेवावं, एवढंच.

नवं चक्र मंडपाच्या सणानंतर सुरू होतं. पहिला पाठ उत्पत्ती १ ते ६:८, हफ्तारा यशया ४२:५ पासून. तोवर पाठांची यादी तुला पाठवतो. वहिनींना सलाम, पोरांना आशीर्वाद.

तुझा,
सुहास