वनमंत्र्यांना खुले पत्र: आपल्या माहितीपटातील लांडगा खोटा आहे

माननीय वनमंत्री महोदय,

स. न. वि. वि.

शाळांसाठी आपल्या खात्याने तयार केलेला लांडग्यावरील माहितीपट गेल्या आठवड्यात प्रदर्शित झाला. तो अंतिम होण्यापूर्वी क्षेत्रीय अभ्यासकांना दाखवला जाईल, असा शब्द आपण भर बैठकीत दिला होता. प्रत्यक्षात तो आम्ही शाळेतील मुलांसोबतच पहिल्यांदा पाहिला. पौर्णिमेच्या रात्री दात विचकत घरांभोवती घिरट्या घालणारा लांडगा, पार्श्वभूमीला ढोल आणि शेवटी आभाराच्या यादीत माझे नाव! मी विनामोबदला लिहून दिलेल्या टिपणांतील एकही वाक्य त्यात नाही.

याची किंमत मी काय मोजतो आहे, हे आपणास कळायला हवे. बिळांत धूर करून पिल्ले मारणे थांबवावे म्हणून ज्या मेंढपाळांशी मी वर्षानुवर्षे बोललो, ते आता विचारतात की सरकारच या प्राण्याला नरभक्षक म्हणते, मग तुम्ही आम्हाला आजवर काय सांगत होता? त्यांच्या मेंढ्या खरोखर जातात आणि भरपाईसाठी त्यांनाच खेटे घालावे लागतात, त्यामुळे त्यांचा संताप मला समजतो. माझ्या आयुष्याची कमाई म्हणजे त्यांचा विश्वास होता, आणि तो आपल्या खात्याने मला न विचारता उधळून टाकला.

गोष्टीत आणि पडद्यावर लांडगा जसा दिसतो, तसाच तो पुढे धोरणात उतरतो. अमेरिकेत 1915 पासून केंद्र सरकारच्या पैशाने लांडगे मारले गेले आणि 1926 पर्यंत यलोस्टोन राष्ट्रीय उद्यानातील लांडगे संपवले गेले. त्यात फारसे कुणाला वावगे वाटले नाही, कारण लहानपणापासून ऐकलेला लांडगा खलनायकच होता. पुढे लोकांचे ते मन वळवण्यात लेखकांचा मोठा वाटा होता. लेखक अर्नेस्ट थॉम्पसन सेटन स्वतः न्यू मेक्सिकोत लांडगे मारायला गेले होते. मात्र 1898 च्या त्यांच्या पुस्तकातील लोबो नावाच्या लांडग्याची कथा वाचून वाचक लांडग्यासाठी हळहळले. 1995–96 मध्ये कॅनडातून 31 लांडगे त्याच यलोस्टोनमध्ये आणून सोडले गेले, त्यामागे कायदा आणि विज्ञान होतेच, पण काही पिढ्यांचे वाचनही होते.

लांडग्याला देवदूत करणारे लेखनही मला नको आहे. कॅनडाचे लेखक फार्ली मोवॅट यांच्या लांडग्यांवरील 1963 च्या पुस्तकाने आणि त्यावरील 1983 च्या चित्रपटाने असंख्य लोकांना लांडग्याच्या प्रेमात पाडले, परंतु तो मुख्यतः उंदरांवर जगतो हे त्यातील चित्र शास्त्रज्ञांनी अमान्य केले. अशा कौतुकावर विश्वास ठेवणाऱ्याच्या कळपातील मेंढी जाते, तेव्हा त्याचा राग दुप्पट होतो.

आपल्या माहितीपटात मात्र दिशाभूलच अधिक आहे. त्यातला ‘म्होरक्या’ रक्त सांडून सत्ता मिळवतो. ही कल्पना बंदिस्त लांडग्यांच्या 1947 मधील अभ्यासातून पसरली, आणि ती लोकप्रिय करणाऱ्या लांडगा-अभ्यासक डेव्हिड मेक यांनीच 1999 मध्ये लिहिले की निसर्गातील कळप म्हणजे सहसा आईवडील आणि त्यांची पिल्ले. नॉर्वेजियन इन्स्टिट्यूट फॉर नेचर रिसर्चच्या अहवालानुसार 2002 ते 2020 या काळात जगभरात 489 माणसे लांडग्यांच्या हल्ल्यांत सापडली आणि त्यांतील 26 दगावली. त्या घरांचे दुःख मी लहान मानत नाही, म्हणूनच विचारतो: 489 पैकी 380 जणांवरील हल्ले पिसाळलेल्या लांडग्यांचे होते, तर माहितीपटात रेबीजबद्दल एक अक्षरही का नाही? मुलाचा जीव वाचवू शकली असती ती माहिती गाळून आपण त्याला फक्त भीती दिली.

हे एका माहितीपटापुरते नाही. सर्वांत कमी दराची निविदा भरणाऱ्याला काम मिळते, जाणकारांना छायाचित्रापुरते बोलावले जाते, त्यांच्या हरकतींची इतिवृत्तात ‘चर्चा झाली’ एवढीच नोंद होते, आणि उद्घाटनाची तारीख मात्र आधीच ठरलेली असते. जंगल, पाणी, शेती, कुठलाही विषय घ्या, सरकारी ज्ञान असेच तयार होते.

हा माहितीपट शाळांमधून तात्काळ मागे घ्यावा. नवा करताना मेंढपाळांना कॅमेऱ्यासमोर बोलू द्यावे, आणि रेबीज व नुकसानभरपाईची माहिती त्यात घालावी. हे जमणार नसेल, तर निदान आभाराच्या यादीतून माझे नाव काढून तसे मला लेखी कळवावे.

आपला,
लांडग्यांचा एक क्षेत्रीय अभ्यासक