भाकऱ्यांच्या फोटोनंतरची बातमी

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

गेल्या मार्चअखेर पेपर घरी यायचा बंद झाला, तेव्हापासून मी फोनवरच बातम्या वाचते. २१ जानेवारीला सेन्सेक्स पहिल्यांदा ५० हजारांच्या वर गेला, तेव्हा तुमच्या संकेतस्थळावर दिवसभर तीच बातमी सगळ्यात वर होती. चारच दिवसांनी ऑक्सफॅम या विषमतेवर काम करणाऱ्या संस्थेचा अहवाल आला. कोरोनाच्या टाळेबंदीत देशातल्या अब्जाधीशांची संपत्ती ३५ टक्क्यांनी वाढल्याचा हिशेब त्यात आहे. ती बातमी मी सकाळी वाचली आणि संध्याकाळी शेजारणीला दाखवायला गेले, तर सापडेना. दोन्ही बातम्या एकाच देशाच्या, एकाच वर्षाच्या, पण एकीत दुसरीचं नावसुद्धा नाही. याचं मला फार वाईट वाटलं, म्हणून लिहिते आहे.

मी जालन्याची. पोस्टातून निवृत्त झाले. इथल्या स्टील कारखान्यांतली एमपी-बिहारची पोरं पगार झाला की मनीऑर्डर करायला खिडकीवर यायची. ज्यांना लिहिता यायचं नाही त्यांचे फॉर्म मीच भरून द्यायची. शहडोल, उमरिया, गया हे जिल्हे मला त्या फॉर्मांवरून पाठ झाले. ८ मे २०२० च्या पहाटे करमाडजवळ मालगाडीखाली १६ मजूर गेले. तेही जालन्याच्याच कारखान्यातले. गाडी मिळेल या आशेने रुळाच्या कडेने भुसावळकडे चालत निघाले होते, थकून रुळावरच झोपले. बातमीत शहडोल आणि उमरिया ही नावं वाचली आणि फोन खाली ठेवून दिला.

रुळांवर विखुरलेल्या भाकऱ्यांचा तो फोटो सगळ्यांनी दाखवला, आणि दाखवायलाच हवा होता. पण पुढे काय? ‘रुळावर झोपलेच कसे’ यावर दोन दिवस चर्चा झाली. घरी जाण्याच्या परवान्यासाठी अर्ज केला होता, उत्तर आलं नाही, असं त्यातून बचावलेल्यांनी सांगितलं होतं. ते अर्ज कुठे अडकले? त्यांच्या हातात मजुरीचे किती पैसे होते? तुमच्या संकेतस्थळावर मी खूप शोधलं, मला एक ओळ मिळाली नाही. ती बातमी तुम्ही ‘अपघात’ या सदरात टाकली होती. माझ्या मते तिची जागा ‘अर्थ’ सदरात होती.

आमच्या गल्लीत एक बाई या कारखान्यांतल्या पोरांना डबे देते. टाळेबंदीआधी तिचे ४० डबे जात, मे महिन्यात ४ उरले. तिची उधारीची वही मी स्वतः पाहिली आहे. शाळेतली दुरेघी वही, एका पानावर एक नाव, पुढे डब्यांच्या खुणा, खाली रक्कम. कितीतरी पानांवर मार्चच्या २४ तारखेनंतर खूणच नाही. पोरं निघून गेली, पैसे तिच्याकडेही राहिले नाहीत, किराणावाल्याचं देणं मात्र राहिलं. ऐन दिवाळीत बिहारच्या एका पोराने फोनवरून ३०० रुपये पाठवले. तिने ते पान रेघ मारून बंद केलं आणि मला बोलावून दाखवलं. ‘जालना, सोने का पालना’ म्हणवणाऱ्या या गावाचं २०२० सालचं अर्थकारण त्या वहीत आहे, साहेब, पण ती बघायला कुणी वार्ताहर आला नाही.

मुंबईचंही तेच. जुलैअखेर तीन प्रभागांतल्या रक्तचाचण्यांचा निकाल आला. झोपडपट्टीत ५७ टक्के लोकांना कोरोनाची लागण होऊन गेलेली, बाहेर १६ टक्के. मथळे झाले ते सामूहिक प्रतिकारशक्तीचे. एकेका संडासासमोर रांग लावणाऱ्या माणसांनी अंतर ठेवायचं कुठे, हे आतल्या परिच्छेदात कुठेतरी.

माझं सगळ्यात कळकळीचं म्हणणं पुढे आहे. १४ सप्टेंबरला सरकारने लोकसभेत लेखी सांगितलं, की टाळेबंदीत घरी जाताना मेलेल्या मजुरांची नोंद आपल्याकडे नाही. म्हणजे ही माणसं कुठे नोंदली गेली असतील, तर ती तुमच्याच बातम्यांत. कुणी चालता चालता गेलं, कुणी ट्रक उलटून. तालुक्याच्या वार्ताहरांनी, स्वतःच्या नोकरीची शाश्वती नसताना, चार-चार ओळींत ते लिहून ठेवलं. त्या चार ओळी दुसऱ्या दिवशी नव्या बातम्यांखाली गाडल्या जातात. त्या एकत्र करा. तारीख, गाव, काम आणि मदत जाहीर झाली असेल तर ती घरी पोहोचली का, एवढं लिहून एक कायमचं पान ठेवा, आणि ते पहिल्या पानावरून उघडता येऊ द्या.

दुसरी विनंती साधी आहे. सेन्सेक्सचा आकडा तुमच्याकडे मिनिटामिनिटाला बदलतो. निदान आठवड्यातून एकदा एखाद्या एमआयडीसीतली रोजची मजुरी, तिथल्या खोलीचं भाडं, परत आलेल्या मजुरांची खबर ‘अर्थ’मध्ये छापा. सुरुवात जालन्यापासून करायची असेल तर वार्ताहराला जरूर पाठवा. डबेवाल्या बाईला मी विचारलं आहे. वही दाखवायला ती तयार आहे, फक्त आतली नावं छापायची नाहीत, एवढी तिची अट आहे. दुपारी तीननंतर ती मोकळी असते.

आपली,
एक वाचक, जालना
२८ जानेवारी २०२१