सिस्टर, चिठ्ठीवरच्या त्या शेवटच्या ओळीसाठी

आदरणीय सिस्टर,

सप्रेम नमस्कार.

तुमचं नाव इथे घालत नाही. बर्न्सच्या (भाजलेल्या रुग्णांच्या) ऑपरेशन थिएटरमध्ये त्या सकाळी ड्यूटीवर कोण होतं, हे तुम्हाला ठाऊक आहे आणि आम्हालाही. पत्र उघड लिहितोय ते यासाठी, की तुम्ही केलेलं काम थिएटरच्या रजिस्टरमध्ये दिसणार नाही आणि आमच्या शोधनिबंधातही त्याला आभाराची जेमतेम एक ओळ मिळेल. तेवढ्यावर भागवणं आम्हाला पटत नाही.

ऑपरेशनमध्ये कापलेल्या त्वचेचे तुकडे तुम्ही आमच्या पेशी-संवर्धन विभागात नळ्यांमधून पाठवलेत, त्यांच्याबरोबर चिठ्ठी आली. भाजल्याची वेळ, त्वचा कापल्याची वेळ, नळीत टाकल्याची वेळ, जागा पाठीची की मांडीची, चाकूचा पहिला थर की दुसरा (भाजलेली त्वचा थराथराने सोलतात म्हणून), वॉर्डात कोणतं मलम लावत होते. एवढं आम्ही मागितलंच होतं. शेवटची ओळ मात्र कोणी मागितली नव्हती: ‘दुसऱ्या थराचा तुकडा पोविडोनच्या वाटीत पडला, लगेच उचलून सलाईनने दोनदा धुतला.’

ही ओळ तुम्ही लिहिली नसती तर कुणालाही कळलं नसतं. भाजलेली त्वचा तशीही तपकिरी दिसते, त्यातला आयोडिनचा रंग वेगळा ओळखू येत नाही. थिएटरमध्ये पेशंट टेबलावर, रक्तस्राव चालू, भूलतज्ज्ञ घाई करतायत, आणि हा तुकडा तसा कचऱ्याच्या पिवळ्या पिशवीतच जाणारा. त्याचं काय झालं हे लिहायला तुम्हाला कोणी बांधलेलं नव्हतं. तरी तुम्ही लिहिलंत.

पोविडोन आयोडिन जंतू मारतं, तसंच फायब्रोब्लास्ट आणि केरॅटिनोसाइट या त्वचेच्या पेशींनाही मारतं. अखंड त्वचेवर वरचा मृत थर थोडाफार आडोसा देतो. चाकूने सोललेल्या दुसऱ्या थराला तो आडोसा नसतो. दोन्ही अंगांनी तो उघडा, ओला आणि शोषून घेणारा असतो. म्हणजे भाजण्यातून वाचलेल्या पेशी त्या वाटीत मेल्या असण्याची दाट शक्यता. आणि आम्ही नेमकं मोजत होतो ते हेच, की भाजलेल्या जागेच्या काठावरच्या किती पेशी जिवंत राहतात आणि किती पुन्हा वाढू शकतात. तुमची ओळ नसती तर आयोडिनने मेलेल्या पेशी आम्ही आगीच्या खात्यावर टाकल्या असत्या, त्याचा आलेख काढला असता आणि तो छापूनही आला असता.

जखमेवर लावायला मांडीवरून काढलेल्या निरोगी त्वचेची, म्हणजे ग्राफ्टची, उरलेली पट्टी तुम्ही वेगळ्या नळीत पाठवली होती. तिचे आम्ही दोन भाग केले. एक तसाच ठेवला, दुसरा पोविडोनमध्ये बुडवून लगेच उचलला आणि तुम्ही केलंत तसंच सलाईनने दोनदा धुतला. मग दोन्ही भाग डिस्पेज या त्वचेचे थर सुटे करणाऱ्या एन्झाइममध्ये ४ अंशांवर रात्रभर. सकाळी दोन चिमटे घेतले की वरचा थर भिजवलेल्या बदामाचं साल निघावं तसा सुटून येतो. त्याला ३७ अंशांवर ट्रिप्सिन, म्हणजे पेशी एकमेकींपासून सोडवणारं एन्झाइम, १० ते १५ मिनिटं, त्याहून जास्त नाही, नाहीतर पेशींचा पृष्ठभागच खरवडला जातो. ७० मायक्रॉनच्या गाळणीतून गाळून पेशी डिशमध्ये सोडल्या. आयोडिन लागलेल्या भागाच्या पेशी दुसऱ्या दिवशी डिशच्या तळाला स्पष्टच कमी चिकटलेल्या दिसल्या; धडधाकट पेशी चिकटतात, मेलेल्या तरंगतात. प्रश्न मिटला. दुसऱ्या थराची ती नळी आम्ही तुलनेतून काढून टाकली. एक नमुना गेला, पण उरलेल्यांवर विश्वास ठेवता आला.

आता आधी काय चालायचं, तेही सांगायला हवं, नाहीतर या ओळीची किंमत बाहेरच्या माणसाला कळणार नाही. एका ठिकाणाहून नमुना फॉर्मेलिनमध्ये आला. बायॉप्सीची स्लाइड करायची तर फॉर्मेलिनच योग्य. पण त्यात प्रथिनं एकमेकांना कायमची जखडली जातात, पेशी त्याच क्षणी संपते. नळीवर ठळक अक्षरांत ‘जिवंत पेशींसाठी’ असं लिहिलेलं होतं. दुसरीकडून तुकडा कोरड्या गॉजमध्ये गुंडाळून आला, कडा वाळून कडक झालेल्या. आणखी एकदा नळी बर्फाच्या पॅकला थेट टेकवून पाठवली होती. त्या बाजूचं द्रव गोठलं आणि बर्फाच्या स्फटिकांनी पेशी फोडल्या. चुका होतात, त्याबद्दल राग नाही. राग आहे तो चिठ्ठीवर फक्त ‘त्वचा’ एवढंच लिहिण्याचा, आणि फोन केल्यावर ‘सगळं व्यवस्थित पाठवलंय’ हे ठरलेलं उत्तर देण्याचा. सांगितलं असतं तर नमुना बाजूला ठेवला असता. न सांगितल्यामुळे बिघाड मिडियमच्या (पेशी ठेवायच्या पोषक द्रवाच्या) बाटलीत, इनक्युबेटरमध्ये, शिकाऊ मुलीच्या हातात शोधत बसावं लागलं. त्या मुलीने निष्कारण ऐकून घेतलं.

वेळा लिहिण्याबद्दलही मनापासून आभार. १९५३ साली बर्मिंगहॅमच्या डग्लस जॅक्सन यांनी भाजलेल्या जखमेचे तीन पट्टे सांगितले. केंद्रातला पूर्ण मेलेला, बाहेरचा नुसता लालसर, आणि या दोहोंमधला, जिथे रक्तप्रवाह मंदावलेला असतो पण पेशी अजून जिवंत असतात. हा मधला पट्टा पुढच्या एक-दोन दिवसांत वाचतो तरी किंवा मरतो तरी. तो मेला की जखम रुंद आणि खोल होते. काल वरवरची वाटलेली जखम आज ग्राफ्ट मागते. त्यामुळे भाजल्यानंतर ६ तासांनी कापलेला तुकडा आणि ४० तासांनी कापलेला तुकडा, जागा तीच असली तरी दोन वेगळ्या अवस्था दाखवतात. वेळ नसेल तर दोन्ही एकाच ढिगात जातात आणि सरासरी काढली की कशालाच अर्थ उरत नाही.

याच पट्ट्यातल्या पेशी फसवतात. ट्रिपॅन ब्लू हा रंग घातला की मेलेली पेशी निळी होते, जिवंत तशीच राहते. उष्णतेचा चटका बसलेली पेशी त्या घडीला निळी होत नाही, म्हणून जिवंतांत मोजली जाते. पण आतून तिचं मरण सुरू झालेलं असतं आणि दुसऱ्या दिवशी ती डिशमध्ये तरंगताना सापडते. म्हणून आम्ही रंगाच्या आकड्यावर थांबत नाही, २४ तासांनी किती चिकटल्या ते बघतो. हा हिशोब नळीत टाकल्याच्या वेळेपासून मांडावा लागतो, आणि ती वेळ तुमच्याशिवाय कुणीच सांगू शकत नाही.

कुणी म्हणेल, माणसाची त्वचा कशाला हवी, डिशमध्ये पेशींच्या थरावर पिपेटच्या टोकाने ओरखडा काढा आणि तो किती वेळात भरतो ते बघा. आम्हीही तो प्रयोग करतो; तो स्वस्त आहे आणि पेशी कशा सरकतात हे त्यातून छान दिसतं. पण ओरखडा काढल्यावर तुटक्या पेशी धुऊन टाकल्या जातात. भाजल्यावर तसं होत नाही. शिजलेली प्रथिनं आणि मेलेल्या पेशी जागच्या जागी राहतात, त्यांच्यातून पाझरणारे रेणू शेजारच्या जिवंत पेशींना सतत इशारे देत राहतात, आणि सूज बरीचशी तिथूनच पेटते. शिवाय त्वचेच्या खोल थरातले फायब्रोब्लास्ट वरच्या थरातल्यांपेक्षा वेगळे वागतात, जास्त कोलॅजेन बनवतात, जाड आणि ताणलेला व्रण करण्याकडे त्यांचा कल असतो. म्हणून पहिला थर की दुसरा हे वेगळं लिहिणं, आणि टिपक्यांसारखं रक्त कुठल्या थरावर आलं तेही लिहिणं, याला फार किंमत आहे. हे डिशमधल्या ओरखड्यातून कधीच मिळणार नाही.

मलमाचा रकाना तुम्ही न चुकता भरलात, त्याचाही उपयोग झाला. सिल्व्हर सल्फाडायझिन हे पांढरं मलम जखमेवर उपयोगी असलं तरी डिशमधल्या केरॅटिनोसाइटना ते मारक आहे. ते लागलेला तुकडा आम्ही जास्त वेळा धुतो आणि त्याचा निकाल वेगळ्या यादीत ठेवतो.

ज्या विज्ञानावर आम्ही उभे आहोत, तेही अशाच नीट ठेवलेल्या तुकड्यांवर उभं राहिलं. १९७५ साली अमेरिकेत जेम्स राइनवाल्ड आणि हॉवर्ड ग्रीन यांनी माणसाच्या केरॅटिनोसाइट पेशी उंदराच्या, किरणांनी वाढ थांबवलेल्या पेशींच्या आधारावर वाढवून दाखवल्या. १९८४ मध्ये बॉस्टनहून प्रसिद्ध झालेल्या अहवालात, शरीराचा ९५ टक्क्यांहून जास्त भाग भाजलेल्या दोन लहान मुलांवर त्यांच्याच पेशींपासून वाढवलेली पापुद्र्यासारखी त्वचा लावल्याचं वर्णन आहे. सुरुवात टिकल्यांएवढ्या निरोगी त्वचेपासून झाली. त्या तुकड्यांची थिएटरमध्ये कुणीतरी तुमच्यासारखीच काळजी घेतली असणार. त्यांची नावं आपल्याला माहीत नाहीत.

आपल्याकडे सायनच्या रुग्णालयात २००० साली त्वचापेढी सुरू झाली. मृत्यूनंतर सहा तासांच्या आत घरच्या लोकांनी होकार दिला की मांड्या-पायांवरचा पातळ थर काढून ग्लिसरॉलमध्ये साठवतात. त्या त्वचेतल्या पेशी जिवंत नसतात, आमच्या कामाला ती चालत नाही, पण मोठ्या जखमेवर तात्पुरतं पांघरूण म्हणून ती जीव वाचवते. दु:खाच्या त्या घटकेला होकार देणारी माणसं, रात्री-अपरात्री निघणारी पेढीची टीम, स्वतःची उरलेली त्वचा संशोधनाला द्यायला संमती देणारे तुमचे पेशंट, आणि खोका हलू न देता मांडीवर धरून बसने आणणारे वॉर्डातले मामा, ही सगळी सरळ माणसं आहेत. त्यांच्याबद्दल बोललं जात नाही, म्हणून मुद्दाम लिहिलं.

तुमच्या ओळीमुळे आमच्या छापील चिठ्ठीत आता एक नवा रकाना आला आहे: ‘वाटेत काही झालं का?’ खाली मोकळी जागा ठेवली आहे आणि असंही छापलंय, की इथे काही लिहिलं म्हणून कुणालाही जाब विचारला जाणार नाही. पेन्सिलच वापरायची, हा तुमचा नियमही सगळ्यांना लागू केला. स्पिरिट लागलं की मार्कर पुसतो, पेन्सिल राहते.

सोमवारी नव्या नळ्या पोचतील. प्रत्येकीत ३० मिली मिडियम आहे, अँटिबायोटिक्स घातलेली आहेत. फ्रिजच्या मधल्या कप्प्यात ठेवा, बर्फाच्या खणात नको. रंग लालसर हवा. पिवळा पडला किंवा गढूळ दिसला तर ती नळी वापरू नका, आम्ही बदलून देऊ. खोक्यात नळी आणि आइस पॅक यांच्यामध्ये थर्माकोलची पट्टी घातली आहे, ती काढायची नाही. पेशंटला जी त्वचा लागेल ती आधी त्याची. दोन दिवसांनी पुन्हा ग्राफ्ट लागणार असेल तर आम्हाला काहीच पाठवू नका. आणि ज्यांच्या त्वचेच्या या नळ्या होत्या, ते ड्रेसिंगला आले तर आमच्या वतीने त्यांना आभार सांगा. त्यांची नावं आमच्याकडे नाहीत, नसायलाच हवीत, म्हणून हा निरोप तुमच्यावरच सोपवतो.

तुमचे ऋणी,
पेशी-संवर्धन विभागातले आम्ही सगळे