ग्रॅच्युइटी, बोनस आणि 756 डॉलर

ह्यूस्टन, 9 नोव्हेंबर 2025

ती. बाबा आणि ती. आईस साष्टांग नमस्कार,

बाबा, फोनवर तुमचं-माझं भांडण नीट होत नाही. माझा आवाज तुमच्यापर्यंत पोचेपर्यंत तुम्ही पुढचा मुद्दा काढलेला असतो. म्हणून हे पत्र. दादाला पाठवतेय, तो इंदिरानगरच्या झेरॉक्सवाल्याकडून मोठ्या अक्षरात प्रिंट काढून आणेल. वाचा, पेन्सिलीने खुणा करा आणि मग फोन करा.

परवा आपल्या क्रूझच्या बुकिंगचा कागद वाचताना तुम्ही ज्या ओळीवर अडलात तिच्याबद्दलच लिहितेय. ‘प्रीपेड ग्रॅच्युइटी, 756 डॉलर.’ तुम्ही म्हणालात, “ग्रॅच्युइटी रिटायर होताना मिळते. वर्षाला पंधरा दिवसांचा पगार. इथे कोण रिटायर होतंय?” निखिल हसू दाबायला बाल्कनीत गेला होता, आता सांगायला हरकत नाही.

तर ही ती ग्रॅच्युइटी नव्हे. क्रूझवाले टिपेलाच हा भारदस्त शब्द वापरतात. मोठ्या अमेरिकन कंपन्यांच्या बोटींवर दर माणसामागे रोजचे साधारण 16 ते 20 डॉलर आपोआप आपल्या बोटीवरच्या खात्यावर चढतात. आपल्या बोटीवर 18 आहेत. आपण सहा जण, सात रात्री, म्हणून 756. पोरांनाही मोठ्यांइतकेच लागतात, त्यात सवलत नाही. आजच्या भावाने 67 हजारांच्या आसपास. (आई, तू ‘अगं बाई’ म्हणालीस ते मला इथे ऐकू आलं.)

हे पैसे द्यायचे की नाही, हा प्रश्नच नाही. ते बोटीवर लागणारच आहेत. प्रश्न एवढाच, की आत्ता भरून मोकळं व्हायचं की तिथे रोज खात्यावर चढू द्यायचे. ती ओळ मी अजून भरलेली नाही. तुमचं म्हणणं पडलं, “काम बघितल्याशिवाय कसलं बक्षीस? आधी मागतात तो हप्ता.” वाक्य जोरदार आहे, तीन दिवस माझ्या डोक्यात फिरतंय. पण मी गुरुवारी पैसे भरणार आहे. का, ते सांगताना मला एक गोष्ट कबूल करावी लागेल, जी मी तुम्हाला आजवर सांगितली नव्हती.

तीन वर्षांपूर्वी आम्ही चौघं पाच रात्रींच्या क्रूझवर गेलो होतो, आठवतं? फोटो पाठवले होते, टॉवेलचा हत्ती केलेला वगैरे. तेव्हा आम्ही आधी काही भरलं नव्हतं. निखिल म्हणाला, बघू, सर्व्हिस कशी आहे त्यावर ठरवू. अगदी तुमच्यासारखंच. शेवटच्या रात्री केबिनमधल्या टीव्हीवर खातं उघडून बघितलं तर टिपेचेच जवळजवळ तीनशे डॉलर. त्याशिवाय पोरांची आइस्क्रीमं, फोटो, एका संध्याकाळचं माझं ते निळं सरबत. आकडा बघून आमची तोंडं उतरली.

जेवणाच्या टेबलावर हाच विषय. अर्थात मराठीत, म्हणजे कोणाला कळायला नको. “काउंटरवर जाऊन सांगितलं की कमी करून देतात म्हणे.” “अगदीच काढून टाकले तर बरं दिसेल का?” “कोणाला कळतंय? आणि त्यांना पगार असतोच की.” आमचा असिस्टंट वेटर तेव्हा पाणी ओतत होता. गोरटेला, बारीक मिशीचा पोरगा. ओवीला दूध बिनसाखरेचं लागतं हे त्याला दुसऱ्या दिवसापासून सांगावं लागलं नव्हतं. आम्ही बसायच्या आधी तिच्या जागेवर पेला ठेवलेला असायचा, बशी झाकलेला, गार होऊ नये म्हणून.

जेवण झाल्यावर आम्ही खरंच काउंटरवर गेलो. पुढे दहा-बारा माणसं होती, बरीच त्याच कामाला आली होती. माझा नंबर आला. काउंटरवरच्या मुलीने कारणही विचारलं नाही, दोन मिनिटांत रक्कम निम्मी झाली. केबिनमध्ये येऊन आम्ही शांत झोपलो.

सकाळी उतरायच्या आधी नाश्ता करून बाहेर पडताना दाराशी तोच पोरगा. दार धरून म्हणाला, “सावकाश जा हां ताई, पायरी ओली आहे. पोराचा हात धरा.”

मी तिथेच उभी. तो म्हणाला, त्याचं घर पेडण्याला आणि आई सावंतवाडीची. एवढंच. आवाजात ना टोमणा, ना राग. खातं पहाटेच बंद झालेलं होतं. पर्समध्ये वीसची एक नोट सापडली ती दिली. त्याने ती घडी करून खिशात ठेवली, “थँक यू ताई” म्हणाला आणि पुढच्या टेबलावरच्या बशा उचलायला गेला. गॅल्व्हेस्टनहून घरी येईपर्यंत, ऐंशी किलोमीटर, गाडीत कोणी बोललं नाही.

बाबा, त्यानंतर मी जरा वाचून काढलं. या बोटी सुटतात फ्लोरिडा-टेक्ससमधून, पण त्यांची नोंदणी बहुतेकदा असते बहामा, पनामासारख्या देशांतली. त्यामुळे अमेरिकेतला किमान वेतनाचा कायदा तिथल्या कामगारांना लागत नाही. करार सहा ते नऊ महिन्यांचा आणि तेवढ्या काळात आपल्यासारखी रविवारची सुट्टी नाही. आंतरराष्ट्रीय सागरी कामगार करार आहे, 2006 चा. त्यात कामाच्या तासांची कमाल मर्यादा काय घातली आहे माहितीय? दिवसाला 14 तास, आठवड्याला 72. ही मर्यादा आहे! तुम्ही सातपूरच्या कारखान्यात आठ तासांच्या वर अर्धा तास गेला तर ओव्हरटाइमचा कागद घेऊन उभे राहायचात. आणि केबिन साफ करणारा, वाढणारा यांच्या मिळकतीतला मोठा वाटा म्हणजे हीच ‘ग्रॅच्युइटी’. कंपनी तिकीट स्वस्त दाखवते आणि पगाराचा भार आपल्याकडे सरकवते. मला ही पद्धत मुळीच आवडत नाही. काही कंपन्या टिप तिकिटातच धरतात, ब्रिटनमधल्या पी अँड ओने 2019 पासून तसं केलंय. ते सरळ वाटतं. पण आपल्या बोटीवर तसं नाही आणि कंपनीवरचा राग मी मागच्या वेळी भलत्याच माणसावर काढला.

जमिनीवरही फार वेगळं नाही. इथे टेक्ससमध्ये हॉटेलातल्या वेटरला मालकाने तासाला 2.13 डॉलर दिले तरी चालतं, बाकीची भरती टिपेतून व्हावी असं धरलेलं आहे. हा आकडा 1991 पासून हललेला नाही. मी तेव्हा बालवाडीत होते.

आता तुमच्या ‘हप्त्या’कडे येते. मला तुमच्या गेट मीटिंगा आठवतात. मी तुमच्या सायकलच्या दांड्यावर बसून ऐकलेल्या आहेत, दसऱ्याच्या आधीच्या. मॅनेजमेंट म्हणायची, बोनस म्हणजे खूश होऊन दिलेली भेट. तुम्ही बाकावर उभे राहून सांगायचात की बोनस ही कोणाची मेहेरबानी नाही, पगाराचा राहिलेला भाग आहे. 8.33 टक्के तर कायद्यानेच मिळतात, आम्ही मागतोय ते त्याच्या वरचं. आणि एका वर्षी त्यांनी दिवाळीनंतर देतो म्हटलं, तेव्हा तुम्ही काय म्हणालात? “आकाशकंदील उतरवल्यावर आलेला बोनस काय चुलीत घालायचा?” आईने अजून हे वाक्य सोडलेलं नाही.

मग बाबा, पेडण्याच्या पोराचं तेवढं बक्षीस कसं?

निखिलचा विरोध तुमच्यापेक्षा वेगळा होता, तोही सांगते, नाहीतर तो म्हणेल माझी बाजू मांडली नाही. बुकिंगबरोबर आपल्याला बोटीवर खर्च करायला 150 डॉलरची जमा मिळाली आहे. ती रोख मिळत नाही, उरली तर बुडते. तो म्हणत होता, टिप तिथेच चढू दे म्हणजे ही जमा तिच्यात वळती होईल. हिशेब चोख आहे. आम्ही दोघंच असतो तर मीही तसंच केलं असतं. पण या वेळी तुम्ही सोबत आहात. तुम्ही रोज रात्री चष्मा लावून टीव्हीवर ते खातं उघडणार, आज 108 चढले, उद्या 108 चढतील, गुणिले 88 रुपये. चौथ्या रात्री तुम्ही जेवणात गोड घेणं बंद कराल. मला तुमचा स्वभाव माहीत आहे, कारण तो माझ्यात आलाय. म्हणून 756 आत्ताच जाऊ देत, त्या 150 मधून आईच्या आवडीचे फोटो काढू आणि वायफाय घेऊ.

आत्ता भरण्याचे आणखी दोन फायदे. मधल्या काळात कंपनीने दर वाढवला, आणि तो वाढत असतो, तर आधी भरणाऱ्यांना सहसा जुनाच दर राहतो. आणि देव न करो, पण ट्रिप रद्द करावी लागली तर ही रक्कम परत मिळते, कारण ती सेवेची आहे आणि सेवा घेतलेलीच नसते. तोटा म्हणाल तर पैसे दोन महिने आधी अडकतात, बस.

तुम्ही विचाराल, की सगळं आधीच दिलं तर तो काम कशाला करील? त्र्यंबकला आजोबांच्या नारायण नागबलीच्या वेळी गुरुजींची दक्षिणा सामग्रीसकट आधीच ठरवून दिली होती, तर त्यांनी मंत्र काही कमी म्हटले नाहीत. उलट तीन दिवस तुम्ही निवांत होतात, कोणाच्या ताटात किती ठेवायचे ही कुजबूज नाही. शिवाय हे पैसे एका माणसाच्या हातात जातच नाहीत. केबिनवाला, वाढणारे आणि मागे राबणारे, जे आपल्याला दिसतही नाहीत, अशांत ते वाटले जातात. आपण रक्कम काढून घेऊन एकाच्या हातात नोटा कोंबल्या तर बाकीचे कोरडे राहतात. काही कंपन्यांत तर अशा वेळी हातात मिळालेले पैसेसुद्धा त्याला सगळ्यांच्या वाट्यात जमा करावे लागतात.

आता कामाच्या गोष्टी.

बंदरावर सामान उचलणारे हमाल बोटीचे नसतात, त्यांना या 756 मधला पैसा जात नाही. एका बॅगेला एक-दोन डॉलर रोख द्यायचे. सुट्या नोटा मी देईन. नाशिकरोड स्टेशनवर करता तशी घासाघीस करू नका, इथे भाव बोलायची पद्धत नाही, आणि बॅगा तुम्ही स्वतः उचलायच्या नाहीत, पाठ आठवा.

बोटीवर काही मागवलंत, साधा कोक जरी, तर त्याच्या बिलात टिपेचे 18-20 टक्के आधीच धरलेले असतात. सहीच्या वर आणखी एक रिकामी जागा असते, ‘जादा टिप’ म्हणून. ती रिकामीच सोडा. तुम्हाला फॉर्ममधला एकही रकाना मोकळा ठेवलेला चालत नाही, म्हणून मुद्दाम लिहिलं.

केबिनवाल्याला शेवटच्या दिवशी वरून काही द्यावंसं वाटलं तर पाकिटात घालून तुमच्या हातानेच द्या. ते मात्र काम बघून, तुमच्या मनाप्रमाणे. म्हणजे तुमचा मुद्दाही राहिला.

11 जानेवारीला रविवारी बोट सुटते, 18 ला परत. पोरांची शाळा बुडते, पण सुट्टीच्या दिवसांत भाडं फार चढतं. आई, म्हणजे 14 तारखेची संक्रांत आपली समुद्रावर येतेय. तू विचारत होतीस ना, त्या माणसांना आपल्याकडचं काय द्यावं? घरचे तिळाचे लाडू बोटीवर नेऊ देत नाहीत, मी डोळे झाकून सांगते, करू नकोस. दुकानाचं सीलबंद पाकीट चालतं. रविवार कारंज्याकडे गेलीस की तिळगुळाच्या वड्यांची चार पाकिटं घे, काटेरी हलवा नको, पिशवीत चुरा होतो. केबिनवाला एक, टेबलावरचे दोघं, आणि एक जास्तीचं असू दे. वाढणारा गोव्याकडचा निघाला तर ‘गोड बोला’ त्याला समजावून सांगावं लागणार नाही. आणि टेबलावर मराठीत काय बोलायचं ते जपून.

दादाला म्हणावं, पासपोर्टच्या झेरॉक्स दोन ठेव, एक घरी एक बॅगेत. वहिनीला आणि चिमणीला आशीर्वाद. गुरुवारच्या आत फोन करा, बाबा. भांडायचं असेल तरी करा.

तुमची,
मंजू