सोलर कुठला ते सगळे विचारतात, पाईप कुठली ते कोण विचारत नाही

मा. संपादक,
स. न. वि. वि.

थंडी जवळ आली की आपल्या पेपरात सोलर वॉटर हीटरच्या जाहिराती पानभर येतात. टाकी किती लिटरची, ट्यूब किती, वॉरंटी किती वर्षं, सगळं ठळक अक्षरात. पण गच्चीवरचं ते पाणी खाली न्हाणीपर्यंत कशातून येणार, ह्यावर एक ओळ नसते. शिवाजी पेठ, मंगळवार पेठ, उत्तरेश्वर ह्या भागातल्या जुन्या घरांचं दुखणं नेमकं तिथंच आहे. आजोबांच्या काळी तांब्याचा बंब न्हाणीतच पेटायचा, त्यामुळं पाईपचा प्रश्नच नव्हता.

आमच्या घरातली गरम पाण्याची जुनी जीआय, म्हणजे जस्ताचा मुलामा दिलेल्या लोखंडी पाईपची लाईन काढली तेव्हा कापलेला तुकडा हातात घेऊन बघितला, अर्ध्या इंची पाईप पण आत गंज आणि क्षार बसून बसून जेमतेम पेन्सिल जाईल एवढंच भोक उरलेलं. मग नवीन काय घालायचं म्हटल्यावर दुकानदार एक सांगतो, प्लंबर दुसरं, आणि परदेशातला पुतण्या व्हिडिओ पाठवतो की ऑक्सिजन आत शिरू न देणारा थर (बॅरियर) असलेली पेक्स, म्हणजे लवचिक प्लास्टिकची पाईपच घाला. अरे बाबा, तिकडं घर उबदार ठेवायला तेच पाणी बंद लाईनीत रेडिएटरमधनं वर्षानुवर्षं फिरत असतं, प्लास्टिकमधनं ऑक्सिजन आत शिरला की बॉयलरचं लोखंड गंजतं, म्हणून तो बॅरियर. आपल्याकडं रोज नवं पाणी येतं, ऑक्सिजन त्यात आधीच विरघळलेला असतो, तो बॅरियर इथं काय करणार?

आपल्याकडचा खरा घोळ वेगळाच. शेजारच्या गल्लीत एकानं गरम लाईनला साधी पांढरी यूपीव्हीसी घालून दिली. ही पाईप थंड पाण्याची, ४५ अंशांपर्यंतच वापरायची, आणि मे महिन्यात माणसं गावाला गेली की सोलरमधलं पाणी ८० च्या पुढं सहज जातं. दोन क्लॅम्पच्या मधे पाईप वाळत घातलेल्या गोधडीच्या दोरीगत लोंबायला लागली आणि मग सॉकेटमधनं सुटली. गरम पाण्यासाठीची प्लास्टिक पाईप, सीपीव्हीसी एसडीआर ११ (एसडीआर म्हणजे बाहेरचा व्यास भिंतीच्या जाडीच्या किती पट, आकडा लहान तेवढी पाईप जाड) असती तर ८२ अंशाला पण तग धरला असता, तिथं तिची प्रेशर घ्यायची ताकद थंड पाण्याच्या मानानं चौथाईवर येते खरी, पण गच्चीवरच्या टाकीचं प्रेशर १० मीटर उंचीला चौरस सेंटीमीटरला १ किलो, एवढ्याला ती भरपूर झाली. फक्त जोड चिकटवायचं सोल्युशन सीपीव्हीसीचंच पाहिजे, आणि सोलरच्या टाकीतून निघतानाचा पहिला हातभर तुकडा पितळी नाहीतर स्टीलचा ठेवावा.

दुसरी गोष्ट प्लंबर सांगतच नाहीत, गरम झाली की पाईप लांब होते. १० मीटर लाईन ४० अंशानं तापली तर जीआय ५ मिलीमीटर वाढते, सीपीव्हीसी २५ च्या आसपास, पीपीआर (हीसुद्धा प्लास्टिकचीच, जाड भिंतीची) जवळजवळ ६०. पीपीआरचा जोड मशीननं वितळवून करतात, एकदम पक्का, पण सरळ लांब लाईनीला ती नागमोडी होते, शिवाय जाड असल्यानं २० मिलीमीटरच्या पाईपला आत १३ च उरतात. तांबं उत्तमच, पण खिशाला परवडायला पाहिजे, आणि तांब्याच्या पुढं जीआयचा जुना तुकडा तसाच सोडला तर तो तुकडा लवकर गंजून खलास होतो. वाकडातिकडा वाडा असेल तर मधे अॅल्युमिनियम असलेली कंपोझिट पाईप बरी, हातानं वळते, जोड कमी. मला विचाराल तर बाकी घरांना सीपीव्हीसी, पाईप लांब झाली की ती वाढ सामावायला मधे एक यू आकाराचा लूप देऊन.

आणि मातीच्या भिंतीत झिरी मारून पाईप गाडू नका हो! दीड-दोन फुटी भिंत, आत जोड गळला तर बाहेर ओल दिसेपर्यंत आतली माती विरघळलेली असते. बाहेरून क्लॅम्पवर घ्या, काळा फोम चढवा, उघडी राहील तिथं पाण्यात मिसळणारा पांढरा रंग मारा, ऑइल पेंट नको. दिसायला कसं दिसतं म्हणून नाक मुरडणारे घरात असतातच, त्यांना मुरडू द्या.

जाडीचं पण तेच, "मोठी घाला, फ्लो चांगला" म्हणून एक इंची गळ्यात मारतात. १५ मीटर एक इंची लाईनीत सहा-सात लिटर पाणी मावतं, म्हणजे सकाळी तेवढं गार पाणी सोडल्याशिवाय गरम येतच नाही. मेन लाईन पाऊण इंची घेतली तर तेच चार लिटरच्या आत बसतं, पुढं नळाला अर्धा इंच पुरतो. ज्या गावात पाण्यासाठी धरणातून येणाऱ्या थेट पाईपलाईनची एवढी वर्षं वाट बघितली तिथं रोज बादलीभर पाणी मोरीत सोडायचं म्हणजे काय?

तेव्हा विनंती एवढीच, घर-बांधकामाच्या पानावर एकदा ह्या विषयावर जाणत्या प्लंबरकडून सविस्तर लिहून घ्या, आणि सोलर विकणाऱ्यांनी कोटेशनमधे "पायपिंग एक्स्ट्रा" एवढ्यावर न भागवता पाईप कुठली, एसडीआर किती, आयएसआय मार्क आहे का, फोम धरलाय का, हे लिहून द्यावं असं त्यात छापा.

आपला,
एक वाचक, शिवाजी पेठ, कोल्हापूर